गोळी त्यांची, सुरी आपली



या अंकात पहिल्या पानावर मोजणीबद्दल लिहायचं ठरलं होतं. दाव्याच्या जमिनीवर मोजणीवाले आले की वनहक्क समितीने काय काय बघायचं, ते सगळं लिहून तयार होतं. पण मध्येच एक गोष्ट घडली. म्हणून मोजणीचा लेख आतल्या पानावर गेला आणि पहिल्या पानावर सुरी आली. कारण ही सुरीच आता मोजणीच्या आड येऊ पाहते आहे.

झालं असं. आपल्याच एका गावातली दोन तरणी पोरं. गावाचं नाव लिहीत नाही, केस चालू आहे. तेंदूचा हंगाम संपत आला होता. संध्याकाळी फळीवर तालुक्याच्या गावचा एक ओळखीचा माणूस आला. म्हणाला, "रात्री थोडं काम आहे. तुमचा हात चांगला आहे. सुऱ्या घेऊन या." रात्री जीप आली. मोठ्या लाईटच्या उजेडात बंदुकीचा एक बार झाला आणि चितळाचा नर पडला. बार कुणी काढला, ते पोरांना अंधारात नीट दिसलंही नाही. त्यांचं काम पुढचं होतं. कातडं सोलायचं, पोट काढायचं, पुढचे फरे आणि मागच्या मांड्या मोकळ्या करून पोत्यात भरायच्या. अर्ध्या-पाऊण तासात उरकलं. दोघांना दोनशे-दोनशे रुपये मिळाले, वर मुंडी आणि पाय. जीप निघून गेली.

उजाडता उजाडता वनखात्याचे लोक दारात. मुंडी सापडली. रक्त लागलेल्या दोन सुऱ्या सापडल्या. पंचनामा झाला. त्या पंचनाम्यात मुंडी आहे, सुऱ्या आहेत, पोरांची नावं आहेत. जीप नाही. बंदूक नाही. पोत्यातलं मटण कुठं गेलं, त्याबद्दल एक शब्द नाही. पोरं जेलात जाऊन आली. जामिनाच्या धावपळीत एका घरची बैलजोडी विकली गेली, तीही पेरणीच्या तोंडावर.

एवढ्यावर संपलं असतं तरी वाईटच होतं. पण पुढच्या आठवड्यात त्याच गावात मोजणी होती. तिथे आलेल्यांपैकी एकजण सगळ्यांसमोर बोलून गेला, "शिकाऱ्यांच्या गावाला जंगल देणं म्हणजे मांजराला दुधाच्या राखणीला बसवणं." गावातले लोक मान खाली घालून ऐकत राहिले. पिढ्यान्‌पिढ्या कसलेली जबरानजोतीची जमीन, तिचा दावा, सामूहिक हक्काचा दावा, सगळं एका रात्रीच्या चारशे रुपयांसाठी टांगणीला लागलं की काय, असं सगळ्यांना वाटलं.

आपल्या पोरांनी चूक केली. ती झाकायची नाही. पण चूक नेमकी कुठली, आणि कुणाची किती, हे गावाने नीट समजून घ्यायला हवं. नाहीतर पोरं अजून फसतील आणि जीप अजून येईल.

कायदा सुरीला काय म्हणतो

उभं चितळ कुणी सुरीने मारू शकत नाही. सांबराचा मोठा नर तर दोनशे किलोच्या वर भरतो. सुरी चालते ती मेलेल्या जनावरावर. म्हणून आपले लोक म्हणतात, "आम्ही कुठं मारलं? आम्ही फक्त फाडलं." मनाला ते पटतं. कायद्याला पटत नाही.

१९७२ च्या वन्यजीव कायद्यात 'शिकार' या शब्दाचा अर्थ लिहिलेला आहे. जनावर मारणं, मारायचा प्रयत्न करणं, फास लावणं, हाकून आणणं, हे सगळं त्यात आहेच. पण जनावराच्या शरीराचा कुठलाही भाग काढून घेणं, हेसुद्धा त्यात आहे. म्हणजे सोलणारा आणि फाडणारा हात कायद्याच्या लेखी शिकाऱ्याचाच हात. त्याच कायद्यात 'हत्यार' म्हणजे काय तेही सांगितलं आहे. त्यात बंदूक आहे, धनुष्यबाण आहे, जाळं, फास, विष आहे, आणि सुरीही आहे.

चितळाच्या शिकारीला तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. चौसिंगा आणि चिंकारा पहिल्या यादीतले. त्यांच्यासाठी तीन वर्षांपेक्षा कमी शिक्षा नाहीच, सात वर्षांपर्यंत जाऊ शकते. अभयारण्यात किंवा राष्ट्रीय उद्यानात शिकार झाली तर जनावर कुठलंही असो, शिक्षा हीच मोठी. आणि घरात मटण किंवा कातडं सापडलं तर ते बेकायदेशीर नाही, हे आपल्यालाच शाबीत करावं लागतं. सरकारला नाही.

एक गोष्ट मात्र पक्की लक्षात ठेवा. घरात सुरी असणं हा गुन्हा नाही. सुरी कुणाच्या घरात नाही? साहेबाच्या स्वयंपाकघरात नाही? आपण तिच्याने बांबू तासतो, साल काढतो, कांदा चिरतो, पंडुमाला बकरा कापतो. नुसती सुरी दाखवून कुणी "शिकारी" म्हणत असेल तर घाबरायचं कारण नाही. फक्त अभयारण्याच्या हद्दीतल्या आणि लगतच्या गावांनी एक सांभाळायचं. अभयारण्यात लेखी परवानगीशिवाय हत्यार घेऊन जायला बंदी आहे आणि सुरी कायद्याने हत्यारात मोडते. तिथल्या गावांनी आपल्या वनहक्कात गौण वनोपज गोळा करणं आणि त्यासाठी लागणारी अवजारं यांचा ठराव करून तो कागद हाताशी ठेवावा.

हात आपला, वाटा कुणाचा?

सुरी चालवणं ही साधी गोष्ट नाही. ते शिकावं लागतं. आपण ते बापाच्या, आज्याच्या शेजारी उकिडवं बसून बकऱ्यावर शिकलो. पोट उघडताना धार वर ठेवायची, खाली दोन बोटं घालून चामडी उचलून धरायची, म्हणजे आतडं फाटत नाही. लघवीची पिशवी चिमटीत दाबून मगच कापायची. काळजाला चिकटलेली पित्ताची पिशवी फुटली तर काळीज कडूजहर होतं. उन्हाळ्यात पोट लवकर काढलं नाही तर मटणाला वास मारतो. हाडावर कुऱ्हाड घालणारा शिकाऊ; जाणता माणूस सांधा चाचपून त्यात सुरीचं टोक घालतो आणि तंगडी आपोआप सुटते. कातडं सोलताना सुरी कमी आणि मूठ जास्त वापरतो, म्हणजे कातड्याला भोक पडत नाही.

या हुशारीची लाज वाटून घेऊ नका. ती चोरी नाही. आणि पूर्वी या हुशारीला एक नियम होता. म्हातारी माणसं सांगतात, गाभण मादीला हात लावायचा नाही. जनावर पडलं तर पळसाच्या पानांवर घरटी वाटे पडायचे. तराजू नव्हता. विधवेच्या घरी वाटा जायचा, आजाऱ्याच्या घरी जायचा, त्या दिवशी गावात नसलेल्याचाही ठेवला जायचा. ज्याच्या हातात सुरी, त्याच्यावर सगळ्या गावाची नजर. तो स्वतःचा वाटा शेवटी उचलायचा.

आता त्या रात्रीकडे बघा. मांड्या जीपमध्ये गेल्या, मुंडी पोरांकडे राहिली. विधवेचा वाटा कुठं आहे यात? गाव कुठं आहे? यात आपली रीत नाही की परंपरा नाही. ही मजुरी आहे. दोनशे रुपयांत आपल्या आज्याची हुशारी भाड्याने घेतली आणि केसही आपल्याच डोक्यावर ठेवून गेले.

हे नवीन नाही. साहेब आणि राजे-जमीनदार मचाणावर बसायचे तेव्हा हाका घालायला आपलेच आजे होते. रान तुडवून जनावर बंदुकीसमोर आणायचं आपण, पडल्यावर सोलायचं आपण, आणि शिंगं जायची बंगल्याच्या भिंतीवर. १९७२ चा कायदा आला तरी त्यात परवाना काढून शिकार करायची सोय होतीच. ती १९९१ च्या दुरुस्तीने बंद झाली. परवाना आणि बंदूक कुणाकडे होती, हे काय सांगायला पाहिजे? जीपवाला त्यांचाच वारस. फरक एवढाच की पूर्वी तो कागद घेऊन दिवसा यायचा, आता लाईट घेऊन रात्री येतो.

गायत्याने विचारलेला प्रश्न

या विषयावर झालेल्या बैठकीत एका गावच्या म्हाताऱ्या गायत्याने उठून विचारलं, "जंगल आपलं म्हणता. मग जंगलातलं जनावर खाऊ नका असं कसं म्हणता? नाकेदार म्हणतो ते वेगळं. तुम्हीपण तेच म्हणणार?"

प्रश्न खरा आहे. त्याला उडवाउडवीचं उत्तर देणार नाही. महिनोन्‌महिने ज्या घरात मटण शिजत नाही, त्या घराला "चितळ खाऊ नको" असं सांगणं सोपं नाही. त्यात ते चितळ रोज रात्री आपलंच धान खाऊन जातं. नुकसानभरपाईचा अर्ज केला तर आधी विचारतात, जमिनीचा कागद कुठं आहे?

तरीही आमचं उत्तर असं आहे.

पहिली गोष्ट. २००६ च्या वनहक्क कायद्याने पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेले हक्क मान्य केले. कसलेली जमीन, बांबू, तेंदू, मोहा, मासे, चराई, सगळं त्यात आलं. पण त्याच कलमात शिकारीचा हक्क वगळला आहे, तोही स्पष्ट शब्दांत. ते बरोबर की चूक यावर उद्या भांडता येईल. आज मात्र आपले दावे याच कायद्यावर उभे आहेत. ज्या फांदीवर बसलो आहोत, ती आपल्याच कुऱ्हाडीने तोडायची का?

दुसरी गोष्ट. पूर्वीच्या नियमाला पूर्वीचं रान होतं. आज रान विरळ, जनावर कमी आणि बंदूक लांब पल्ल्याची. जीपच्या लाईटमध्ये जे जनावर डोळे चमकवत उभं राहतं ते पडतं. गाभण आहे की नाही, कोण बघतो? आपण हात दिला नाही तर जीपवाल्याला पन्नास-साठ किलोचं जनावर अंधारात फाडून, भरून, पहाटेच्या आत पळवणं जड जाईल. आपल्या हाताशिवाय त्याचा धंदा चालत नाही. ही ताकद आहे आपली. ती ओळखा.

तिसरी गोष्ट, आणि ही सगळ्यात मोठी. वनहक्क कायद्याच्या पाचव्या कलमाने वन्यजीव, जंगल आणि पाणी राखायचा अधिकार ग्रामसभेला दिला आहे. जनावरांना, जंगलाला बाधा होईल असं काम थांबवायचा निर्णय ग्रामसभा घेऊ शकते. त्यासाठी समिती नेमू शकते. आजपर्यंत जंगलाचा राखणदार म्हणजे खाकी कपडे, आणि आपण म्हणजे चोर, असंच चाललं. आता कायदाच म्हणतो, राखणदार तुम्ही. राखणदारानेच रात्री जीपवाल्यासमोर सुरी काढली तर आपला दावा कोण ऐकेल? आणि त्याच राखणदाराने जीप अडवली तर "मांजराला दूध" म्हणणाऱ्याचं तोंड बंद होईल.

गायताबाबा ऐकून थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "नाकेदाराच्या भीतीने नाही सोडणार. गावाने ठरवलं तर सोडू." आम्हालाही हेच म्हणायचं आहे. भीतीने नाही. ठरावाने.

ग्रामसभेने काय ठरवावं

पाऊस लागून रोवणीची गडबड सुरू व्हायच्या आधी प्रत्येक गावाने सभा घ्यावी आणि हे ठराव करावेत:

१. कुणाच्याही सांगण्यावरून, पैशासाठी किंवा फुकट, हरणाला आणि इतर वन्यप्राण्याला सुरी लावायची नाही. बोलावणारा ओळखीचा असो, ठेकेदार असो, पाहुणा असो.

२. रात्री जंगलात जीप दिसली, लाईट फिरताना दिसली, बार ऐकू आला, तर गावाला उठवायचं. एकट्याने पुढे जायचं नाही. गाडीचा नंबर, वेळ, जागा आणि तारीख ग्रामसभेच्या वहीत लिहायची आणि दुसऱ्या दिवशी लेखी कळवून पोच घ्यायची.

३. रानकुत्र्यांनी मारलेलं सांबर, विहिरीत पडलेलं चितळ, गाडीखाली मेलेली भेडकी, यांपैकी काहीही सापडलं तरी फाडायचं नाही. रानकुत्र्यांचा उरलेला माल आणणं ही आपली जुनी सवय आहे, पण कायद्याने मेलेलं जनावरही सरकारचं. कुणाच्या ताब्यात आलं तर अठ्ठेचाळीस तासांच्या आत पोलिसांत किंवा वनखात्यात कळवावं लागतं. दोन माणसं राखणीला ठेवा, वहीत लिहा, कळवा, पोच घ्या.

४. पिकाचं नुकसान झालं की अर्ज केल्याशिवाय राहायचं नाही. रानडुक्कर, हरिण, नीलगाय, रानगवा यांनी केलेल्या नुकसानीची भरपाई मागता येते. दाव्याची जमीन असेल तर अर्जाला दाव्याची पोच जोडा. नाकारलं तर लेखी कारण मागा. फास आणि विजेची तार हा त्यावरचा उपाय नाही. तारेने जनावराआधी आपलीच माणसं आणि गुरं मेली आहेत.

५. ठराव मोडणाऱ्याला गावाने गावातच जाब विचारायचा. पण त्याच्यावर खोटी किंवा अर्धवट केस झाली तर गावाने त्याच्या मागे उभंही राहायचं. चूक केली म्हणून त्याला एकटं सोडायचं नाही.

केस झालीच तर

झडतीला आले तर अडवू नका, पण डोळे उघडे ठेवा. पंच म्हणून गावातली दोन माणसं मागा. जप्त केलेल्या वस्तूंची यादी मागा. बाईची झडती बाईनेच घ्यायची. मटण कशाचं आहे हे नुसतं बघून ठरत नाही. बकऱ्याचं मटण चितळाचं म्हणून नेत असतील तर नमुना प्रयोगशाळेत पाठवा असं पंचनाम्यात लिहायला लावा. देहरादूनला आणि हैदराबादला अशी तपासणी होते.

अटक झाली तर चोवीस तासांच्या आत मॅजिस्ट्रेटपुढे उभं करावंच लागतं. मारहाण झाली असेल तर तिथेच तोंडाने सांगा. कोऱ्या कागदावर सही किंवा अंगठा मरेपर्यंत द्यायचा नाही. पोलिसापुढचा कबुलीजबाब कोर्टात चालत नाही, हे पुष्कळांना माहीत आहे. पण सहाय्यक वनसंरक्षक किंवा त्यावरच्या साहेबाने आरोपीसमोर नोंदवलेलं बयान कोर्टात पुरावा म्हणून चालू शकतं, हे माहीत नसतं. म्हणून वाचून घेतल्याशिवाय सही नाही. वकिलाला पैसे नाहीत म्हणून गप्प बसू नका. आदिवासीला सरकारी खर्चाने वकील मिळतो, त्यासाठी उत्पन्नाची अट नाही. तालुका कोर्टात विधी सेवा समितीकडे अर्ज करायचा.

"दोन हजार द्या, मिटवून टाकू" असं म्हणणारे भेटतील. काही गुन्ह्यांत तडजोडीची रक्कम भरायची सोय कायद्यात आहे, पण ती अधिकार असलेल्या साहेबाकडे आणि पावती घेऊन. पावती नाही तर ती तडजोड नाही, लाच आहे. केसही मिटत नाही, पैसेही जातात.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, जीप विचारा. शवविच्छेदन झालं का? कातड्याला गोळीचं भोक आहे का? असेल तर बंदूक कुठं आहे? मांड्या कुठं गेल्या? शिकारीसाठी वापरलेली गाडी जप्त करायचा अधिकार कायद्याने दिलेला आहे, तो का वापरला नाही? हे प्रश्न लेखी द्या. उत्तर आलं नाही तर त्याच वन्यजीव कायद्यात आणखी एक वाट आहे. कोणीही माणूस सरकारला किंवा त्याच्या अधिकाऱ्याला साठ दिवसांची नोटीस देऊन स्वतः कोर्टात तक्रार दाखल करू शकतो. कोणीही म्हणजे तुम्ही आणि आम्हीही. ज्या गावाला "शिकारी गाव" म्हटलं, त्याच गावाच्या वनहक्क समितीने जीपवाल्याविरुद्ध अशी नोटीस द्यायचं ठरवलं आहे. पोरं साक्ष द्यायला तयार आहेत. त्यांना सोपं जाणार नाही, कारण खरं सांगताना स्वतःची चूकही सांगावी लागणार. तरी ती तयार आहेत. त्यांच्या तारखेला जवळच्या गावांनी दोन-दोन माणसं पाठवावीत. कोर्टाच्या आवारात पोरं एकटी दिसता कामा नयेत.

राहिली दाव्याची गोष्ट. कुणावर शिकारीची केस झाली म्हणून त्याचा जमिनीचा दावा किंवा गावाचा सामूहिक दावा रद्द होतो, असं वनहक्क कायद्यात कुठंही लिहिलेलं नाही. दाव्यांची पडताळणी आणि मान्यतेचं काम पूर्ण होईपर्यंत कसणाऱ्याला हुसकावताही येत नाही. मोजणीवर असं कुणी बोललं तर मान खाली घालू नका. "कलम दाखवा," एवढंच म्हणा. आणि जे बोलला ते त्याच्या नावासकट वहीत लिहा.

सुरीला धार लावून ठेवा. बांबूला लागणार आहे, पंडुमाला लागणार आहे. पण रात्री कुणी दारात येऊन "हात चांगला आहे तुझा" म्हणालं तर त्याला विचारा, बैलजोडी तू देणार का?

हा अंक ज्याला वाचता येतं त्याने सभेत मोठ्याने वाचून दाखवावा. गोंडीत, माडियात समजावून सांगावा. ठराव झाला की त्याची एक प्रत आमच्याकडे पाठवा. पुढच्या अंकात गावांची नावं छापू.

जोहार!